सायन्स घेतलं की सगळे रस्ते खुले?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: तालुक्याच्या गावात राहणाऱ्या एका आईचं हे पत्र आहे. घरचं हार्डवेअरचं दुकान. मुलगी सेमी-इंग्रजीतून दहावीला आहे. सहामाहीत बीजगणितात ४० पैकी १७, भूमितीत २९. विज्ञान भाग १ मध्ये २१, भाग २ मध्ये ३५. भाषा, इतिहास, भूगोल चांगले. वडील म्हणतात, ‘सायन्स घेऊन टाक, सगळे रस्ते खुले राहतात. नाही जमलं तर बदलता येईल.’ काका म्हणतात, ‘गणित जमत नाही ना, मग कॉमर्स दे.’ लातूरच्या एका क्लासच्या इंटिग्रेटेड (कॉलेज आणि क्लास एकत्र) बॅचला जानेवारीत पैसे भरले तर सवलत आहे. शाळेत बोटांचे ठसे घेऊन एक चाचणी झाली. तिच्या अहवालात ‘डिझायनिंग, समुपदेशन, वैद्यकीय’ असं आलं आणि त्याचे साडेचार हजार गेले. मुलगी मात्र काही विचारलं की ‘काहीही चालेल’ म्हणते. ‘रविवारी दुकानात बसली की जीएसटीची बिलं पटापट करते, वर म्हणते, ते काय गणित आहे का! तिला कुठली शाखा द्यावी?’

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात: ते चार आकडे. बहुतेक घरांत ‘विज्ञानात सत्तर टक्के’ एवढंच बोललं जातं. तुमच्या मुलीचे दोन्ही भाग मिळून ८० पैकी ५६, म्हणजे सत्तरच टक्के. पण त्या सत्तरात दोन वेगळ्या मुली लपल्या आहेत. भाग १ मध्ये गुरुत्वाकर्षण, मूलद्रव्यांचं आवर्ती वर्गीकरण, रासायनिक अभिक्रिया, विद्युतधारेचे परिणाम, उष्णता, प्रकाश आणि भिंगं येतात, म्हणजे अकरावीचं फिजिक्स आणि केमिस्ट्री. भाग २ मध्ये आनुवंशिकता आणि जीवनप्रक्रिया येतात, तसं पर्यावरण आणि आपत्ती व्यवस्थापनही येतं. त्यामुळे ३५ पाहून लगेच ‘बायोलॉजीची मुलगी’ असा शिक्का मारू नका. उत्तरपत्रिका काढून बघा, गुण कुठे मिळाले? पेशीविभाजन आणि ऊर्जानिर्मितीच्या प्रश्नांत मिळाले असतील तर जीवशास्त्राची ओढ खरी. पर्यावरणाच्या लांब उत्तरांत मिळाले असतील, तर ती मुलगी नीट वाचून, आपल्या शब्दांत मांडून लिहिणारी आहे. भाषा आणि इतिहास चांगले असणं त्याच्याशी जुळतं.

आता तिच्या वडिलांचं म्हणणं. ते निम्मं खरं आहे, आणि म्हणूनच ते खोडून काढणं अवघड जातं. सायन्सची बारावी झालेल्या मुलीला पुढे बी.ए., बी.कॉम., लॉ, हॉटेल मॅनेजमेंट, काहीही करता येतं. उलट आर्ट्स किंवा कॉमर्सची बारावी झालेल्या मुलीला मेडिकल किंवा इंजिनिअरिंगकडे वळायचं तर विषयच नसतात. नियम असा एकतर्फी आहे, हे मान्यच करायला हवं.

फक्त हा नियम पात्रतेचा आहे. मेडिकलच्या ‘नीट’ या प्रवेश परीक्षेसाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या वर्गाला ५० टक्के आणि राखीव वर्गाला ४० टक्के लागतात, ते मिळतीलही. पण नीटच्या ७२० गुणांपैकी १८० फिजिक्सचे आहेत, तितकेच केमिस्ट्रीचे. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकलं तर एक वजा होतो. बायोलॉजीचे ३६० आहेत म्हणून फिजिक्स ‘सांभाळून नेऊ’ म्हणणारी मुलं इथेच अडकतात. अकरावीच्या फिजिक्सच्या पुस्तकात पहिलं प्रकरण एकक आणि मापनाचं आहे आणि दुसरंच गणिती पद्धतींचं: सदिश, विकलन, संकलन. बीजगणितात १७ वर असलेली मुलगी कॉलेज सुरू झाल्यावर पहिल्या महिन्या-दीड महिन्यातच तिथे जाऊन थांबते. मग ट्यूशन लावली जाते, मग दुसरी ट्यूशन. बारावीला पन्नास-बावन्न टक्के पडतात आणि ‘चला, आता बी.कॉम.’ असं ठरतं. रस्ता खुला राहिला, हे खरं. पण तिच्या वर्गातली बाकी मुलं दोन वर्षं जमाखर्च शिकून आलेली असतात, आणि ही ‘मला काही जमत नाही’ एवढंच शिकून आलेली असते. ‘नाही जमलं तर बदलू’ याची किंमत फीच्या पावतीवर दिसत नाही, म्हणून घरात ती कुणी धरत नाही.

याचा अर्थ तिला सायन्स देऊ नका, असा मुळीच नाही. ‘सायन्स’ हा एक विषय नाही, एवढंच आधी घरात स्पष्ट करा. फिजिक्स-केमिस्ट्रीसोबत गणित घ्यायचं, बायोलॉजी घ्यायची की दोन्ही, हा खरा निर्णय आहे. गणित सोडून बायोलॉजी ठेवली, तर एमबीबीएस, बीडीएस, आयुर्वेद, होमिओपॅथी, पशुवैद्यक आणि फिजिओथेरपी हे नीटमधून, बी.फार्म. आणि कृषी पदवी हे एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या पीसीबी (फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी) गटातून, बी.एस्सी. नर्सिंग तिच्या स्वतंत्र सीईटीतून. शिवाय मायक्रोबायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी, पॅथॉलॉजी लॅबचे अभ्यासक्रम, एवढं सगळं उरतं. इंजिनिअरिंग, एनडीएतून नौदल-हवाईदल, संख्याशास्त्र आणि बरेचसे कॉम्प्युटर सायन्सचे पदवी अभ्यासक्रम जातात. गणिताच्या जागी आयटी, भूगोल किंवा दुसरा कुठला विषय मिळतो, ते त्या त्या कॉलेजवर अवलंबून असतं. प्रवेशाआधी कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विचारा. ‘चारही विषय ठेव, असू देत’ हा सल्ला मात्र तुमच्या मुलीच्या बाबतीत कुणी दिला तर ऐकू नका. ज्या विषयाची भीती आहे तोच सगळ्यात जास्त तास खातो आणि आवडता विषय उपाशी राहतो.

पण त्याआधी त्या १७ गुणांचं निदान करा, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. बीजगणिताची उत्तरपत्रिका आणि तीन रंगांची पेनं घेऊन तिच्याबरोबर एक तास बसा. गेलेल्या २३ गुणांपैकी जिथे काय करायचं हेच कळलं नव्हतं तिथे लाल खूण. रीत बरोबर पण चिन्ह किंवा आकडेमोड चुकली तिथे निळी. वेळ संपला, प्रश्न राहिला किंवा पायऱ्या न लिहिल्यामुळे गुण कापले तिथे हिरवी. हिरवं-निळं जास्त असेल तर तो सरावाचा प्रश्न आहे. रोज पंचवीस मिनिटं, घड्याळ लावून पाच उदाहरणं, असं सहा आठवडे केलं तर फरक दिसायला हवा. लाल जास्त असेल तर दहावीचं पुस्तक बाजूला ठेवा आणि नववीचं ‘बहुपदी’ काढा. वर्गसमीकरणं न येणाऱ्या मुलांपैकी पुष्कळांना अवयव पाडणंच पक्कं आलेलं नसतं. घर पायापासून खचलेलं आणि आपण खिडक्यांना रंग देत बसतो. मग पूर्वपरीक्षेत परत चार आकडे मांडा. १७ चे २६-२७ झाले तर सायन्सचा विचार मोकळेपणाने करता येईल. मन लावून सहा आठवडे देऊनही १८-१९ वरच राहिले, तर दोन वर्षं फिजिक्सशी झगडायला लावण्याआधी तिच्या वडिलांनी हे आकडे स्वतः बघावेत.

आणि ती बिलं! दहावीच्या बीजगणिताच्या पुस्तकात ‘अर्थनियोजन’ नावाचं अख्खं प्रकरण जीएसटी आणि शेअर्सवर आहे. ते शिकवून झालं असेल तर त्यावरची दहा उदाहरणं तिला द्या आणि ‘ते काय गणित आहे का’ हे तिचंच वाक्य तिला ऐकवा. आकड्यांची भीती आणि ‘क्ष’ची भीती या दोन वेगळ्या भीती असतात. तिला दुसरी असावी, असं पत्रावरून वाटतं.

हे काकांनाही सांगायला हवं. कॉमर्स म्हणजे गणितातून सुटका, ही समजूत फार पसरलेली आहे. बारावी कॉमर्सला गणित ऐच्छिक असतं, हे बरोबर. पुस्तपालन, अर्थशास्त्र, वाणिज्य संघटन, चिटणिसाची कार्यपद्धती घेऊन बारावी होते. पण बहुतेक घरांत कॉमर्स म्हटलं की पुढचा शब्द सीए असतो. सीए फाउंडेशनच्या चार पेपरांतला तिसरा पेपर व्यवसाय गणित, तर्क आणि संख्याशास्त्राचा आहे. तो आणि चौथा पेपर वस्तुनिष्ठ आहेत, चुकलं की पाव गुण जातो. प्रत्येक पेपरला किमान ४० आणि एकूण ५० टक्के लागतात. दहावीनंतर तात्पुरती नोंदणी करता येते, परीक्षा बारावीनंतर. म्हणजे गणितापासून पळत कॉमर्सला आलेली मुलगी दोन वर्षांनी परत गणितासमोर उभी. तुमची मुलगी दुकानातले व्यवहार समजून करत असेल तर कॉमर्स तिला नक्की शोभेल, पण ‘तिला काय जमतं’ या कारणासाठी. ‘तिला काय जमत नाही’ या कारणासाठी घेतलेली कुठलीही शाखा लवकर कंटाळा आणते. बीबीए-बीसीएसाठी आता राज्याची सीईटी आहे, आणि पाच वर्षांचा लॉ कुठल्याही शाखेनंतर सीईटी देऊन होतो, हेही त्यांच्या कानावर घाला.

आर्ट्सचं नाव तुमच्या पत्रात एकदाही नाही. भाषा आणि इतिहास-भूगोल चांगले असलेल्या मुलीच्या पत्रात ते नसावं, याचं जरा नवल वाटलं. अहवालात ‘समुपदेशन’ आलं म्हणता. मानसशास्त्राकडे जायला सायन्सची अट नाही. बी.ए.ला मानसशास्त्र, मग एम.ए., आणि क्लिनिकल काम करायचं असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला पुढचा अभ्यासक्रम, असा तो लांबचा रस्ता आहे. बारावीत मानसशास्त्र शिकवणारं कॉलेज तुमच्या जवळपास आहे का, हा व्यावहारिक प्रश्न तेवढा आधी सोडवा.

बोटांच्या ठशांच्या चाचणीबद्दल सरळ सांगते. तो अहवाल कपाटात ठेवा आणि विसरा. बोटांवरच्या रेषा बाळ पोटात असतानाच ठरून जातात. त्यांचा बुद्धीच्या प्रकाराशी किंवा करिअरशी संबंध असल्याचा शास्त्रीय आधार नाही. ‘डिझायनिंग, समुपदेशन, वैद्यकीय’ असे तीन दिशांचे तीन शब्द दिले की एखादा लागू पडतोच. पंचांगातलं राशिभविष्य याच बेताने लिहितात. खरी कल चाचणी वेगळी असते. ती क्षमता आणि आवड स्वतंत्रपणे मोजते, मुलीच्या भाषेत असते आणि नंतर प्रशिक्षित समुपदेशक तासभर तरी बसून बोलतो. तीस पानांचा छापील अहवाल हातात देऊन कुणी पाठवत असेल तर पैसे देऊ नका. चांगल्या चाचणीलाही एक मर्यादा आहे: पंधरा वर्षांच्या मुलीला आवडीबद्दल विचारलं की ती पाहिलेल्या गोष्टींतूनच उत्तर देते. जिने फिजिओथेरपिस्ट पाहिलाच नाही, ती ‘रुग्णांना व्यायाम शिकवायला आवडेल का’ या प्रश्नावर कशावर खूण करणार?

तिच्या ‘काहीही चालेल’चं मूळही इथे असावं. ते आळसातून येतं असं नाही. आपण काही बोललो की कुणीतरी ‘त्यात काय स्कोप आहे’ म्हणणार, हे मुलांनी ओळखलेलं असतं. किंवा डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षक, पोलीस आणि बँकेतली नोकरी एवढीच कामं त्यांनी जवळून पाहिलेली असतात. म्हणून ‘तुला काय व्हायचंय’ हा प्रश्न काही दिवस बंद करा. त्याऐवजी दोन आठवडे नुसतं बघा. गृहपाठात कुठला विषय ती आधी उघडते आणि कुठला रविवारी रात्रीपर्यंत ढकलते? कशाबद्दल जेवताना आपणहून बोलते? एका वहीत तारीख घालून दोन ओळी लिहा. तिला दाखवू नका.

दुसरं काम बोर्डाची परीक्षा संपल्यावरचं. मार्चच्या मध्यापासून पुढे निकाल आणि प्रवेश होईपर्यंत बराच वेळ हातात असतो आणि तो क्लासवाल्यांना आपल्यापेक्षा चांगला ठाऊक असतो. त्या काळात तीन संध्याकाळी, रोज पाऊण तास, अकरावीची पुस्तकं उघडा. ती बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. पहिल्या दिवशी फिजिक्सचं दुसरं प्रकरण, दुसऱ्या दिवशी पुस्तपालनातलं द्विनोंदी पद्धतीचं प्रकरण, तिसऱ्या दिवशी बायोलॉजी किंवा मानसशास्त्र, तिच्या मनाने. वाचायचं आणि शेवटच्या स्वाध्यायातले पाच प्रश्न सोडवायचे. उत्तरं चुकली तरी चालतील. चौथ्या दिवशी तुम्ही काही न बोलता ती कुठलं पुस्तक परत उघडते, ते बघा. ज्यांची मुलं पूर्ण मराठी माध्यमात आहेत त्यांनी हे नक्कीच करावं. अकरावी सायन्स बहुतेक ठिकाणी इंग्रजीतूनच शिकवतात, आणि हुशार मुलंही पहिल्या सहामाहीत विषयामुळे नाही तर शब्दांमुळे मागे पडतात.

मग चार भेटी. गावातली पॅथॉलॉजी लॅब, कर सल्लागाराचं किंवा सीएचं ऑफिस, एखादा फिजिओथेरपिस्ट, माती परीक्षण प्रयोगशाळा. हार्डवेअरच्या दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्यांची ओळख असतेच, तुमचे हे ती कामी आणू शकतील, आणि त्यांनाही यात ओढणं फायद्याचं. प्रत्येक ठिकाणी दोन तास बसायचं आणि तीनच प्रश्न विचारायचे: काल सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय काय केलंत? यातलं कंटाळवाणं काय? इथे पोचायला किती वर्षं आणि किती पैसे लागले? ‘पगार किती’ हा प्रश्न मुली लाजून विचारत नाहीत. तो तुम्ही विचारा.

लातूरच्या बॅचबद्दल. निकालाआधी एक रुपयाही भरू नका. जानेवारीची सवलत तुम्हाला विचार करायला वेळ मिळू नये म्हणून असते. फ्लेक्सवर पन्नास फोटो असतात. एकूण बॅच किती मुलांची होती, ते कुठेच लिहिलेलं नसतं. तेवढाच आकडा मागा. मग विचारा: अकरावीत किती जणांनी मध्येच सोडलं, सोडल्यास फी परत मिळते का, आणि ते लेखी देता का. इंटिग्रेटेडमध्ये कॉलेज पुष्कळदा नावापुरतं असतं. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीचे प्रत्येकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे आहेत, आणि प्रयोगशाळेत पाऊल न टाकलेल्या मुलांना पुढे बी.फार्म. किंवा बी.एस्सी.ला त्याचा फटका बसतो. वसतिगृह, मेस, येणं-जाणं धरून दोन वर्षांचा पूर्ण आकडा कागदावर मांडा. तिचं बीजगणित आणि विज्ञान भाग १ पूर्वपरीक्षेत सावरलं असेल आणि ती स्वतः म्हणत असेल तरच त्या आकड्याचा विचार करा.

डिप्लोमाचं तुम्ही विचारलेलं नाही, पण अशाच घरांतून हा प्रश्न हमखास येतो. पॉलिटेक्निकला दहावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो, तीन वर्षांनी इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. ‘अकरावी-बारावी झेपणार नाही म्हणून डिप्लोमा’ असं मात्र करू नये. तिथे पहिल्याच सेमिस्टरला गणित असतं, आणि ते सोपं नसतं. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचा आहे. ज्याला हाताने काम करायला आवडतं त्याच्यासाठी तो उत्तम पर्याय आहे, फक्त तो शिक्षा म्हणून देऊ नये.

प्रवेशाच्या फॉर्मविषयी एकच सावधगिरी. २०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला आहे. फॉर्मच्या भाग २ मध्ये दहापर्यंत कॉलेजांचे पसंतीक्रम देता येतात. पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं तर ते घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावं लागतं. म्हणून ‘नाव मोठं आहे’ म्हणून पहिल्या क्रमांकावर काही टाकू नका. तिथे हवे ते विषय आहेत का आणि एसटी किती वाजता सुटते, ते आधी बघा. त्या वर्षीची माहितीपुस्तिका मुलीला स्वतः वाचायला लावा आणि फॉर्म तिनेच भरावा, सायबर कॅफेवाल्याने नाही.

कागदांना आत्तापासून लागा. राखीव प्रवर्गात असाल तर जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत करा. बारावीच्या निकालानंतर धावपळ करणाऱ्यांच्या जागा याच कागदापायी जातात. पैशाची काळजी असेल तर हे लक्षात ठेवा: २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी घरांतल्या मुलींना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य सरकार भरतं. वसतिगृह आणि मेस त्यात नाही. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं नाहीत, मॅनेजमेंट कोट्याची जागाही नाही. नावापुढे ‘युनिव्हर्सिटी’ लिहिलेलं एखादं कॉलेज घेण्याआधी हे तपासा.

राहता राहिले काका आणि येणारे-जाणारे. दिवाळीपासून जूनपर्यंत प्रत्येक जण विचारणार, ‘मग, काय ठरलं?’ तुम्ही दोघांनी आणि मुलीने एकच उत्तर ठरवून ठेवा: ‘पूर्वपरीक्षेनंतर बघू.’ तिच्यासमोर कुणी ‘काय स्कोप आहे त्यात’ म्हणालं, तर त्या क्षणी उत्तर तुम्ही द्यायचं, तिने नाही.